टेबलाखालची डबी

३ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

फोन सोडून वहिनीने मेलवर एवढं लांबलचक पत्र का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. फोन करायचा तर ऑफिसातून, आणि तिथे तुमचे दादा पलीकडच्याच टेबलावर. गच्चीवर जाऊन बोलले तर खाली आल्याआल्या "कुणाशी कुजबुजत होतीस?" हे ठरलेलं. इतक्या वर्षांनी नवरा संशय घेतोय म्हणजे खरं तर मी खूश व्हायला हवं. पण सध्या थट्टा सुचत नाही.

सरळ सांगते. हॅचरीचा कॉम्प्युटर बिघडलाय आणि हे ते मान्य करत नाहीत.

गेल्या खेपेला एका मशीनचं तापमान चढलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. ट्रे बाहेर काढले तेव्हा पिल्लं कवचातच मेलेली. ते ट्रे मी माझ्या हातांनी रिकामे केले, भावजी. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. हे म्हणाले, वीज कमीजास्त झाली असेल. मी म्हटलं, मग दुसऱ्या मशीनला काही कसं झालं नाही? त्यावर माझ्यावर असे ओरडले की मी बघतच राहिले. तुम्हाला माहीत आहे, आवाज चढवणं हे माझं खातं आहे, त्यांचं नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर त्याला दारातूनच परत पाठवलं. "प्रोग्राम मी लिहिलाय. त्याला कुणी बोट लावायचं नाही." गेली कित्येक वर्षं तापमान, दमटपणा, अंडी फिरवणं, सगळं त्या प्रोग्रामवर चालतं. मलाही त्या खुर्चीत बसायची परवानगी नाही.

पुढच्या मंगळवारी पोल्ट्रीवाल्यांची अंडी येतायत. त्यांच्या एकट्याच्या अंड्यांवर आपली हॅचरी चालते. ते मला बाजूला घेऊन सौम्यपणे म्हणाले, "वहिनी, या वेळी गडबड झाली तर मला दुसरीकडे बघावं लागेल." ते गेले तर हॅचरीला कुलूप. आपलं कसंही भागेल हो. पण सकाळी उठल्यावर तुमचे दादा करणार काय? त्या खुर्चीशिवाय मी त्यांना डोळ्यांसमोर आणूच शकत नाही.

तुम्ही एवढे मोठे कॉम्प्युटरवाले. तिथे बसून इथला बिघाड बघता येईल का? माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची
वहिनी


५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून झोप उडाली. दादा ओरडला? माझी सायकल विहिरीत गेली तेव्हाही तो ओरडला नव्हता.

बघता येईल. साबणाच्या वडीएवढी एक डबी पाठवतोय. ती कॉम्प्युटरला जोडली की दादाच्या स्क्रीनवर जे दिसतं ते मला इथे दिसेल, आणि इथल्या कीबोर्डवर मी जे टाइप करीन ते तिथे उमटेल. कॉम्प्युटरमध्ये काही भरावं लागत नाही. त्याला वाटतं आणखी एक कीबोर्ड जोडलाय. अगदी बंद पडून पुन्हा सुरू होत असला तरी मला दिसत राहील. बिघाड कुठे आहे ते कळायला याहून बरा मार्ग नाही.

माझा पत्ता, पासवर्ड वगैरे इथूनच भरून देतो. तुम्ही फक्त वायरी जोडायच्या, आणि याच क्रमाने. आधी डबीची स्वतःची वीज, भिंतीतल्या सॉकेटमधून. मग इंटरनेटची वायर. डबीच्या इवल्याशा खिडकीत आकडे दिसेपर्यंत थांबायचं. मग कीबोर्डवाली वायर. सगळ्यात शेवटी स्क्रीनची: ती कॉम्प्युटरमधून निघेल, डबीत जाईल आणि डबीतून पुढे स्क्रीनला. घाई करायची नाही. हे वाक्य मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय.

दादाला सांगायचं का? मी पत्र अर्धं सोडून यावर बराच विचार केला. आत्ता नको असं वाटतं. धाकटा भाऊ आपल्या प्रोग्रामच्या चुका शोधतोय म्हटल्यावर तो डबी उचलून अंगणात फेकेल. एकदा बिघाड सापडू दे, मग मीच सांगेन आणि शिव्याही मीच खाईन.

पार्सल तुमच्या नावाने येईल. वर "मिक्सरचा भाग" असं लिहिलंय.

तुमचा
भावजी


१३ फेब्रुवारी

भावजी,

बसवली. पण माझं आयुष्य किती कमी झालं ते विचारू नका.

अंडी मंगळवारी आली, ट्रे लागले, दोन्ही मशीन भरली. आज सकाळी हे केस कापायला गेले आणि मी टेबलाखाली शिरले. तिथे वायरींचं असं जंजाळ की कुठली कुठून आली त्यांनाच माहीत. वीज लावली. इंटरनेटची वायर लावली. तुमच्या खिडकीत नुसती एक रेघ फिरत होती. तुम्ही लिहिलं होतं थांबा. मी थांबले. म्हणजे माझ्या हिशेबाने पुष्कळ थांबले. मग बाहेर फाटक वाजल्यासारखं झालं आणि मी घाबरून स्क्रीनची वायर उपटली.

स्क्रीन काळा ठिक्कर. मला वाटलं प्रोग्राम बंद पडला, मशीन बंद पडली, सगळी अंडी आत गार होणार. तशीच धावत मशीनच्या खोलीत गेले आणि एका मशीनच्या दाराला कान लावला. पंखा फिरत होता. दुसऱ्याला लावला. तोही फिरत होता. मग जरा शुद्धीवर आले. परत येऊन वायर डबीत घातली, डबीतून स्क्रीनला जोडली, तरी काळाच. कीबोर्डवाली लावली. काळाच. शेवटी मी हात जोडून जमिनीवर बसले आणि तेवढ्यात खिडकीत आकडे आले आणि वर स्क्रीन उजळला. फाटक वाऱ्याने वाजलं होतं.

डबी स्टॅबिलायझरच्या मागे सरकवली. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता, त्यावर चिकटपट्टी लावायची तेवढी राहिली होती आणि हे दारात उभे.

"खाली काय करतेस?"

"कानातलं पडलंय."

झालं. हे केस झटकून माझ्याशेजारी गुडघ्यावर आले, मोबाइलची बॅटरी लावली आणि शोधायला लागले. स्टॅबिलायझरपासून वीतभर अंतरावर! मी माझा पदर त्या दिव्यावर टाकून बसले आणि दुसऱ्या हाताने कानातलं काढून मुठीत घेतलं. "सापडलं, सापडलं!" केवढ्याने ओरडले मी. हे उठताना म्हणाले, "तुझी वस्तू हरवली की मला चैन पडत नाही." आणि तुम्हाला सांगते, मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की सगळं सांगून टाकावंसं वाटलं.

नाही सांगितलं. दिसतंय का तुम्हाला काही? लवकर कळवा.

वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दिसतंय. स्वच्छ दिसतंय. पहिल्याच प्रयत्नात डबी चालू करणारे लोक माझ्या ऑफिसातही कमी आहेत, तेव्हा तुमचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

दोन दिवस कॉम्प्युटर तपासला. थोडी किरकोळ गडबड आहे. मी इथून लक्ष ठेवून आहे आणि लागेल तिथे नीट करतोय. अंड्यांची काळजी करू नका. दादाला अजून काही बोलू नका.

एक विचारायचं होतं. दादाची तब्येत बरी आहे ना? झोप वगैरे? सहज विचारतोय.

भावजी


२२ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अंडी छान आहेत! काल दिव्यासमोर धरून पाहिली. आत शिरांचं जाळं, मध्ये हलणारा जीव. वाया गेलेली अगदी थोडी. पोल्ट्रीवाले स्वतः बघून गेले आणि पहिल्यांदाच चहाला थांबले. तुमच्या डबीला मी मनातल्या मनात सोन्याची म्हणते.

पण घरात काहीतरी बिनसलंय.

तुम्ही तब्येतीचं विचारलंत आणि तेव्हापासून माझंही लक्ष जायला लागलं. हे एकदम गप्प झालेत. जेवताना घास हातात धरून बसतात. काल चष्मा बदलून आणायला गेले. चष्मेवाला म्हणाला नंबर आहे तोच आहे, तर त्याच्यावर चिडून आले. आल्यावर मला विचारलं, "माझ्यात तुला काही वेगळं वाटतं का?" मी म्हटलं, "केस जरा जास्तच बारीक कापलेत." हसले नाहीत.

कालच, शुक्रवारी दुपारी, मी चहा घेऊन ऑफिसात गेले. हे दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे टक लावून बसले होते. श्वाससुद्धा घेत नव्हते असं वाटलं. "दमलात का?" म्हटलं, तर दचकले आणि चहा कपातून सांडला. मग मला म्हणाले, "तू इथे किती वेळ उभी होतीस? तुला काही दिसलं का?"

भावजी, यांना डबीचा संशय आलाय. दुसरं काय असणार? टेबलाखाली वाकले तर आपली धडगत नाही. आता तुम्ही लवकर बिघाड दुरुस्त करा, मग मी ती हळूच काढून टाकते. आणि मला एकदा नीट सांगा तरी, बिघाड आहे तरी काय?

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी आठवडाभर टाळत होतो. आता तुम्ही विचारलंतच.

कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही. डिस्क चांगली आहे, प्रोग्राम घड्याळासारखा चालतोय. दादाने लिहिलेली एकही ओळ चुकीची नाही.

चुकतोय तो दादा.

डबी लागली त्याच दिवशी दुपारी तो कामाला बसला. तापमानाच्या जागी त्याने पंचावन्न लिहिलं. तो दमटपणाचा आकडा. प्रोग्रामने घेतला नाही. चाळिसाच्या वर काही घ्यायचं नाही असं त्यानेच पूर्वी बांधून ठेवलंय. त्याने पुन्हा पंचावन्न लिहिलं. मग पुन्हा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग साडेएकोणचाळीस. ते प्रोग्रामने घेतलं. तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं ते तुम्ही गेल्या खेपेला पाहिलंय. मी पाच मिनिटं थांबलो, तो दुरुस्त करेल म्हणून. तो दुसरंच पान उघडून बसला. मग मी इथून साडेसदतीस केलं.

नंतर रोजच काही ना काही. एकच पान उघडतो, बंद करतो, लगेच पुन्हा उघडतो, स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते विसरल्यासारखं. कधी दिवसभर सगळं चोख. मग एकदम साधा आकडा चुकतो. वहिनी, ज्याने मला शिकवलं त्याचा माऊस असा भरकटताना बघणं फार कठीण आहे. मी इथे दार लावून रडलो.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, मी इथून गुपचूप आकडे नीट करत राहीन. अंडी वाचतील, दादाचा मान राहील, तुमच्या जिवाला घोर लागणार नाही. तो बसलेला असताना मी हात लावत नव्हतो. तो उठून गेला की करायचो. शुक्रवारी दुपारीही तेच. बराच वेळ बाण जागचा हलला नाही, म्हणून तो गेला असं समजून मी बाण नेला, आकडा पुसला आणि बरोबर लिहिला.

त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं. कसं न्यायचं ते मला सुचत नाही. माझ्यावर रागावा, पण लिहा.

तुमचा
भावजी


२५ फेब्रुवारी, सकाळ

भावजी,

शुक्रवारी ते उठून गेले नव्हते.

मी तुम्हाला लिहिलं होतं ना, हात मांडीवर ठेवून बसले होते म्हणून? मुद्दाम ठेवले होते. काल त्यांनी मला सगळं सांगितलं. मशीनच्या खोलीत, स्टुलावर बसून, माझ्याकडे न बघता.

म्हणाले, "आठ-दहा दिवस झाले, मी एक आकडा लिहितो आणि परत येऊन बघतो तर दुसराच असतो. आधी वाटलं मीच विसरलो. मग एकदा डोळ्यांसमोर बाण आपोआप हलला. वाटलं, माझाच हात लागला. म्हणून शुक्रवारी दोन्ही हात काढून घेतले आणि बघत बसलो. तरी हलला. कुणी नसताना आकडा पुसला गेला आणि नवा उमटला. तू दारात होतीस, तुला काही दिसलं नाही. म्हणजे ते नव्हतंच. मला नसलेलं दिसायला लागलंय."

आणि तुमचे दादा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आणि मी, टेबलाखाली शिरून ती डबी बसवणारी बाई, मूग गिळून उभी होते. ओठांवर आलं होतं हो. "अहो, तो तुमचा भाऊ होता." पण मग ते पुढे विचारणार, भाऊ आकडे कशाला बदलत होता? तेव्हा मी काय सांगू? तुम्ही वेडे झालेला नाहीत, फक्त तुमचे आकडे खरंच चुकतायत, असं? एक भीती काढून घेताना दुसरी हातात ठेवायची, आणि दुसरी खरी असायची.

तुमच्यावर राग आहे. मला "किरकोळ गडबड" असं लिहिलंत! नवरा माझा आहे. त्याचं काय चाललंय ते मी तुमच्याकडून, दहा दिवसांनी, मेलवर वाचायचं? आणि मीही तेवढीच गाढव. सोन्याची डबी म्हणे. आपण दोघांनी त्यांना जपायला निघून त्यांची पाचावर धारण बसवली.

आता ऐका. आज सकाळी त्यांनी मला न विचारता पोल्ट्रीवाल्यांना फोन केला. "तुमची अंडी माझ्याकडे सुरक्षित नाहीत. दुसऱ्या हॅचरीत हलवा." उद्या सकाळी ते गरम गाडी घेऊन येतायत. इतक्या वाढलेल्या अंड्यांचा प्रवासात किती निभाव लागेल देव जाणे. कॉम्प्युटरची खुर्ची यांनी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलीय आणि त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मशीनवर लक्ष मी ठेवतेय, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मी त्यांना काय सांगू? कसं सांगू? लगेच लिहा.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

आज सांगा. हे वाचून झालं की लगेच.

दोन्ही गोष्टी सांगा. पहिली सांगून थांबू नका, त्याला जपायला म्हणूनही नाही. विसरण्यावर डॉक्टर आहेत, औषधं आहेत, कदाचित कारण साधंही निघेल. पण आपल्याच डोळ्यांवर विश्वास उरला नाही तर माणसाने उभं कशावर राहायचं? ते आपण केलंय, आणि ते आजच्या आज त्याला परत द्यायला हवं.

डबी दाखवा. वायरी दाखवा. त्याला त्यातलं तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे पत्र दाखवा, आधीचीही सगळी दाखवा.

मी रजा टाकलीय. दोन्ही मशीनचे आकडे माझ्यासमोर आहेत आणि आत्ता सगळं बरोबर आहे. मी कशालाही हात लावणार नाही. तो म्हणाला, उपटतो ही वायर, तर उपटू द्या.

चूक माझी जास्त आहे. तुम्ही मला बघायला सांगितलं होतं. बोट मी लावलं.

भावजी


२८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या वहिनीच्या फोनवरून लिहितोय. तिने सगळी पत्रं वाचायला दिली. दोनदा वाचली. तुझं अक्षर नाही तर निदान भाषा तरी सुधारली आहे.

मंगळवारी ती मशीनच्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली. म्हणाली, "मी सांगते ते संपेपर्यंत बोलायचं नाही." बाण हलवणारा तू होतास हे ऐकल्यावर मी हसलो. मला आवरेना. ती घाबरली. मग ऑफिसात गेलो, टेबलाखाली शिरलो आणि ती डबी हातात घेतली. चिकटपट्टी सोलून काढली. वस्तू चांगली आहे. वायर कुठून कुठे गेलीय ते बोटाने चाचपून पाहिलं, दोनदा. कॉम्प्युटरमधून डबीत, डबीतून स्क्रीनला. भूत नव्हतं. माझं डोकं नव्हतं. खाली बसल्या बसल्या मी बराच वेळ नुसता श्वास घेत होतो.

आणि मग राग आला. तुम्ही दोघांनी मिळून मला दहा दिवस वेड्यांच्या पंगतीत बसवलंत. कालपर्यंत मी तुझ्या वहिनीशी बोललो नाही. जेवण मात्र वेळेवर मिळत होतं, आणि मी ते खात होतो.

दुसरी गोष्टही तिने सांगितली. थांबली नाही. साडेएकोणचाळीस मीच लिहिलं होतं.

ते मला आठवत नाही, बारक्या. पंचावन्न तीनदा लिहिल्याचंही आठवत नाही. तुझ्या पत्रात मी ते एखाद्या तिसऱ्याच माणसाविषयी वाचावं तसं वाचलं. गेल्या खेपेला काय झालं ते आता कुणी मला सांगायची गरज नाही.

बुधवारी गाडी आली. पोल्ट्रीवाल्यांना मी खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. डबीचं, माझं. तुझी वहिनी मागून डोळ्यांनी खुणा करत होती, एवढं सांगू नका म्हणून. मी सांगितलं. त्यांनी एका मशीनची अंडी नेली आणि एका मशीनची ठेवली. पुढच्या खेपेचं पुढे बघू म्हणाले. माणूस वाईट नाही. मी त्यांच्या जागी असतो तर दोन्ही नेली असती.

काल डॉक्टरांकडे गेलो. रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. दोन सांगता आले. तिसरा तुझ्या वहिनीच्या ओठांवर दिसत होता, पण मी बघितलं नाही. काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. मला भीती वाटते. हे तिला माहीत आहे, आता तूही वाचलंस. पण ही भीती आधीच्या भीतीसारखी नाही. हिच्यासोबत जेवता येतं.

आता कामाचं.

बुधवारी संध्याकाळी मी खुर्ची सरळ केली, बसलो, कोरं पान उघडलं आणि "आहेस का" असं लिहिलं. तुझं "आहे" एकेक अक्षर करत उमटलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की डबी राहू द्यावी. ती राहील. वायर मी उपटणार नाही.

पण आज दुपारी तू पुन्हा तेच केलंस. मी दमटपणाचा आकडा चुकीचा लिहिला, पाणी प्यायला उठलो, आणि परत येईपर्यंत तो नीट झालेला होता. तुला वाटलं मला कळणार नाही. कळलं. तू गुपचूप पुसून ठेवलंस की मला माझी चूक दिसतच नाही, आणि मी उरलेला दिवस स्वतःला शहाणा समजून फिरतो. तसं जगायचं नाही मला.

तेव्हा माझी अट. मी चुकलो की आकड्याला हात लावायचा नाही. आधी हाक मारायची. कोऱ्या पानावर "दादा" एवढंच लिहायचं. मी हात थांबवीन आणि स्वतः बघेन. सापडली तर मी दुरुस्त करीन. नाही सापडली तर मग तू दाखव. दाखवताना लाजू नकोस, मी लाजणार नाही. आणि अंडी धोक्यात असतील आणि मी जागेवर नसेन तर वाट बघू नकोस, पण केलंस की लिहून ठेव की तू केलंस.

हाक मारूनही मी थांबत नाही असा एखादा दिवस येईल. त्या दिवशी काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला आज विचारू नका.

उद्या सकाळी नऊ वाजता अंडी पिल्लांच्या ट्रेमध्ये हलवायची आहेत. तापमान खाली आणावं लागेल. आकडा मी लिहिणार. तू बघायला बस.

दादा